नव्या प्लॉटिंगला गावाचा पाठिंबा आहे म्हणे; पण गाव म्हणजे नेमके कोण?



वाढत्या गावाची खूण ओळखायला जनगणनेची वाट पाहावी लागत नाही. गावाबाहेरच्या काळ्या रानात एके दिवशी चुन्याच्या रेघा पडतात, मुरमाचे रस्ते होतात, सिमेंटचे खांब रोवले जातात आणि तोंडाशी कमान उभी राहते. कमानीवर 'अमुक नगर' असे नाव असते. त्यानंतर आठवडाभरात चौकात फलक लागतो: हप्त्यावर प्लॉट, कलेक्टर एनए, गावकऱ्यांचा भरघोस प्रतिसाद. मग पुढारी, व्यापारी आणि बातमीदार एका सुरात सांगू लागतात की या वसाहतीला संपूर्ण गावाचा पाठिंबा आहे.

हा लेख त्या 'संपूर्ण' शब्दाबद्दल आहे. माझे म्हणणे सरळ आहे. ज्या वसाहतीत गावाच्या वस्तीतल्या माणसाला दार नाही, तिला मिळालेला पाठिंबा हा गावाचा पाठिंबा नसतो. तो जमीन विकणाऱ्यांचा, विकून देणाऱ्यांचा आणि विकत घेऊ शकणाऱ्यांचा पाठिंबा असतो. आंबेडकरी चळवळीने अशा वसाहतीला आंधळा विरोध करू नये आणि तिच्या नारळ फोडण्याच्या कार्यक्रमात टाळ्याही वाजवू नयेत. आपण अटी घालाव्यात. त्या अटी कोणत्या, ते शेवटी सांगतो. त्याआधी या पाठिंब्याचा हिशेब मांडू.

दुधनी म्हणजे महाराष्ट्राच्या टोकाचे गाव. पलीकडे कलबुर्गी जिल्हा. गावाला नगरपरिषद आहे, रेल्वे स्टेशन आहे, आणि तुरीसाठी नाव असलेली बाजार समिती आहे. सोलापूर-वाडी लोहमार्गाचे दुहेरीकरण झाले. सोलापूर-अक्कलकोट रस्ता रुंद झाला. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी अक्कलकोट तालुक्यातून गेली. अशा ठिकाणी जमिनीचा भाव वाढणारच. ज्या रानात काल तूर होती तिथे उद्या गुंठ्याचा हिशेब सुरू होणारच. यात नवल नाही आणि केवळ एवढ्यावरून कोणाला दोषही देता येत नाही. घर सगळ्यांना हवे असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या शिक्षकाला हवे असते, अडत दुकानातल्या मुनिमाला हवे असते, तसे बाजार समितीत पोती उचलणाऱ्या हमालालाही हवे असते.

प्रश्न इथूनच सुरू होतो. शिक्षकाला आणि मुनिमाला नव्या नगरात प्लॉट मिळेल. बाजार समितीतला हमाल, तूर निवडणारी बाई, पहाटे गटार उपसणारा सफाई कामगार यांना कुठे मिळेल?

पाठिंबा कसा तयार होतो

समाजशास्त्राच्या वर्गात 'सहमती' हा शब्द फार शिकवला जातो. गावात सहमती कशी तयार होते ते मात्र पारावर शिकायला मिळते. ज्याची जमीन आहे तो सहसा गावातला वजनदार माणूस असतो. जो ती घेऊन तुकडे पाडून विकतो तो त्याचा भागीदार, नातलग किंवा पक्षातला सहकारी असतो. मधले दलाल गावातलीच तरुण पोरे असतात. एका प्लॉटमागे त्यांना कमिशन मिळते. यात्रेला, जयंतीला, कबड्डीच्या सामन्यांना वर्गणी येते. सिमेंट-सळईवाल्याचा धंदा वाढतो. नगरपरिषदेला विकास शुल्क आणि पुढे घरपट्टी मिळणार असते. एवढ्या सगळ्यांचे हित एका ठिकाणी आले की त्यालाच 'गावाचे मत' म्हणतात.

त्या मतात वस्ती नसते. वस्तीला कोणी विचारतही नाही आणि ती नाही असेही म्हणत नाही. कारण ज्याच्या शेतात खुरपणीला जायचे, ज्याच्या दुकानातून उधारी आणायची, ज्याच्या सहीने दाखला मिळायचा, त्याच्याच प्लॉटिंगबद्दल शंका घ्यायची कशी? ही गप्प बसण्याची सक्ती नंतर संमती म्हणून मोजली जाते. जातिव्यवस्थेची ही जुनी हिशेबाची पद्धत आहे: जो बोलू शकत नाही त्याचा होकार धरून चालायचे.

आता याच गावांचे दुसरे रूप पाहा. समजा, उद्या ठराव आला की गावालगतच्या सरकारी जागेवर बेघर अनुसूचित जातीच्या कुटुंबांसाठी पन्नास घरकुले बांधायची. तेव्हा ऐकू येणारी वाक्ये तुम्हाला मला पाठ आहेत. ती जागा गुरांची आहे. तिथे पुढे शाळा होणार आहे. पाण्याची सोय नाही. गावाच्या तोंडाशीच वस्ती नको, गावाची शोभा जाईल. इतके लाभार्थी आहेतच कुठे? यांच्यात बाहेरचे किती आणि आपले किती?

गंमत बघा. खासगी प्लॉटिंगमध्ये सोलापूरचा, पुण्याचा, कलबुर्गीचा गुंतवणूकदार प्लॉट घेतो, कुंपण घालतो, दहा वर्षे तिथे बाभळी वाढतात, तो बाहेरचा ठरत नाही. सीमेवरच्या आपल्या गावात निम्मे व्यवहार कानडीत आणि निम्मे मराठीत चालतात, त्याचीही कोणाला अडचण नसते. पण ज्याच्या आज्याने या गावाची मेलेली जनावरे ओढली, त्याला घर द्यायची वेळ आली की रहिवासाचा पुरावा मागितला जातो. पाणी नाही म्हणून पन्नास घरकुले अडतात आणि त्याच गावात दोनशे प्लॉटना नळ मिळणार असे फलकावर छापले जाते. तेव्हा अडचण पाण्याची नसते, हे उघड आहे.

'बाजाराला जात नसते' या म्हणण्याबद्दल

यावर ठरलेले उत्तर येते. 'अहो, प्लॉट उघड्यावर विक्रीला आहेत. पैसे भरा आणि घ्या. बाजाराला जात नसते. तुमच्यातल्या नोकरदारांनी घेतलेच की!'

बाजाराला जात असते का, हे बाबासाहेबांना विचारा. 1917 साली ते कोलंबिया आणि लंडन पाहून बडोद्याला नोकरीसाठी आले. संस्थानचे अधिकारी होते, भाडे भरायला तयार होते. तरी शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर काठ्या घेतलेला जमाव येऊन उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. पैसा होता, पदवी होती, पद होते. घर मिळाले नाही.

'ते शंभर वर्षांपूर्वीचे' असे कोणी म्हणेल. मग 2005 सालचे घ्या. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एखादी गृहनिर्माण संस्था आपल्या उपविधीनुसार सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवू शकते. त्या खटल्यातला समाज संख्येने लहान होता हे खरे. पण त्या निकालातून निघणाऱ्या तत्त्वाचा फायदा मोठ्या आणि बलाढ्य जातींच्या सोसायट्यांनाही घेता येतो. 2012 साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त त्रिना विठयाथिल आणि गायत्री सिंग यांचा अभ्यास आला. भारतातल्या मोठ्या शहरांत माणसे उत्पन्नापेक्षा जातीप्रमाणे अधिक वेगवेगळी राहतात, असे त्यांनी जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवले. 2015 साली त्याच नियतकालिकात सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास आला. तिथेही आडनाव कळल्यावर दलित आणि मुस्लिम भाडेकरूंच्या वाट्याला नकार आला. ही महानगरे आहेत, जिथे म्हणे कोणी कोणाला ओळखत नाही. दुधनीसारख्या गावात तर आडनावही विचारावे लागत नाही.

इथे नकार कधी तोंडावर येत नाही. 'तो प्लॉट कालच बुक झाला.' 'कोपऱ्यावरचा शिल्लक आहे, ओढ्याच्या बाजूचा.' 'तुमच्यासाठी मागची लाइन चांगली पडेल, तिकडे तुमचेच दोघेतिघे आहेत.' ज्यांनी प्लॉट घेतला त्या नोकरदार बांधवांना विचारा, तो कितव्या ओळीत मिळाला. गावकूस मोडले असे आपण म्हणतो. बऱ्याच ठिकाणी ते मोडले नाही, ले-आउटच्या नकाशावर शेवटची ओळ होऊन बसले आहे.

कायदा कोणासाठी धावतो

भावनेचा भाग बाजूला ठेवा आणि नुसते नियम पाहा.

अनुसूचित जातींसाठी रमाई आवास योजना आहे. शहरी भागात घर बांधायला अडीच लाखांपर्यंत अनुदान मिळते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी घटकातही स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे आणि राज्याचे मिळून अडीच लाख मिळतात. दोन्हीकडे मेख एकच आहे: जागा तुमच्या नावावर हवी. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्याला सरकार घर देते. ज्याच्याकडे घराएवढीही जमीन नाही, तो रांगेच्या बाहेर. ज्या समाजाला हजारो वर्षे जमिनीची मालकीच नाकारली, त्याच्या घरासाठीच्या योजनेला मालकीचा उतारा जोडायला सांगायचा! रमाईच्या नावाने काढलेल्या योजनेत ही अट राहावी, याचे दुःख कोणाला सांगायचे?

ग्रामीण भागासाठी राज्याने 2015 मध्ये घरकुलाची जागा विकत घ्यायला अर्थसाहाय्याची योजना काढली. ती तरी आपल्याला मिळावी, तर दुधनीला नगरपरिषद. कागदोपत्री आपण शहर झालो, म्हणून ग्रामीण योजना बंद.

मग शहराचे फायदे तरी मिळतात का? डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत एक चांगली तरतूद आहे. 4000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये 20 टक्के भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी लहान आकाराचे ठेवायचे. पण ही तरतूद 10 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांपुरती. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराचीच लोकसंख्या 9 लाख 51 हजार होती. म्हणजे सोलापूरलाही ती लागू होत नाही, तिथे दुधनीचे नाव कोण घेणार? दुधनी गावठी म्हणायला फार मोठी, शहर म्हणायला फार लहान. दोन्ही दारांच्या मध्ये आपली माणसे उभी आहेत.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. ज्यांनी बिगरशेती परवानगी न घेता गुंठा-गुंठा जमीन विकली आणि घेतली, त्यांच्यासाठी 2001 साली गुंठेवारी कायदा झाला. 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत जाहीर केले की नागरी भागातले 1 जानेवारी 2025 पर्यंतचे एक गुंठ्याचे तुकडे नियमित करू. या निर्णयांना माझा विरोध नाही. त्यात अनेक गरीब माणसेही सुटतात. मी फक्त दोन तारखा शेजारी ठेवतो.

वस्तीने सरकारी जागेवर बांधलेली घरे नियमित करण्यासाठी नोव्हेंबर 2018 मध्ये शहरी भागाकरिता शासन निर्णय निघाला, त्यातली मर्यादा 1 जानेवारी 2011 ची. तोही बहुतेक नगरपरिषदांत मोजणीच्या फायलीत अडकलेला. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यात अशी सुमारे 2 लाख 22 हजार बांधकामे असल्याचे सरकारने सांगितले आणि पुढच्या काही आठवड्यांत गावोगाव नोटिसा पोहोचल्या. विकत घेतलेल्या बेकायदा तुकड्यासाठी तारीख पुढे सरकते, पोटासाठी बांधलेल्या झोपडीची तारीख तिथेच थांबते. एकाला 'नागरिकांना दिलासा' म्हणतात, दुसऱ्याला 'अतिक्रमण'.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाड्याचे भीमनगर, समतानगर झाले. चांगले झाले, त्या नावांनी आपल्या लेकरांना शाळेत खूप सोसावे लागले. पण पाटी बदलली तरी सातबारा बदलला नाही. दलित वस्ती सुधारणेच्या निधीतून गल्लीत पेव्हर ब्लॉक बसतात, समाजमंदिराला रंग लागतो. ज्या जमिनीवर ते घर उभे आहे ती मात्र घरातल्या माणसाच्या नावावर नसते. रस्ता पक्का आणि मालकी कच्ची, अशी आपली प्रगती आहे.

आणि जिथे आपल्या नावावर जमीन होती तिथे काय झाले? 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन सुधारणेचे विधेयक आणले. त्यांच्या निधनानंतर 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत द्यायच्या, पण परवानगीशिवाय विकता येऊ नयेत अशा शर्तीवर. शर्त संरक्षणासाठी होती. शहरे वाढली तशा याच जमिनी गावालगत असल्यामुळे सोन्याच्या झाल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्याच्या मुंढव्यातली सुमारे 40 एकर महार वतनाची जमीन राज्यभर गाजली. ती बातमी झाली कारण रक्कम मोठी होती आणि नावे मोठी होती. तालुक्याच्या गावांत याच जमिनी गुपचूप कुळाच्या, साठेखताच्या, कुलमुखत्यारपत्राच्या वाटेने जातात आणि त्यावर 'नगर' उभे राहते. आपल्या गावातल्या प्रत्येक नव्या नगराखालच्या जमिनीचा जुना फेरफार एकदा तरी काढून पाहावा, असे मी आपल्या तरुणांना कळकळीने सांगतो.

आम्ही विकासविरोधी नाही, कुंभारी पाहा

'तुम्हाला काही चांगले झालेले बघवत नाही' असा आरोप होईल. म्हणून आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. दुधनीहून अक्कलकोटमार्गे सोलापूरला जाताना कुंभारी लागते. तिथे कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांच्या नावाने बिडी कामगारांची 10 हजार घरांची वसाहत आहे. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे कामगारांना दिली गेली. त्यानंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचे रे नगर उभे राहू लागले आणि 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातल्या 15 हजार घरांचे लोकार्पण केले. दोन वेगळ्या पक्षांचे दोन पंतप्रधान आले, पण घरे पंतप्रधानांनी दिली असे मी म्हणणार नाही. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली कामगार वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले, सोलापूर-मुंबई-दिल्लीच्या फेऱ्या झाल्या, बायांनी आपला हिस्सा भरला, तेव्हा विटेवर वीट चढली.

त्या लाल बावट्याशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. वर्ग सांगताना जात विसरायची सवय आपण अनेकदा दाखवून दिली आहे. शहरापासून इतक्या दूर घर दिले की कामाचे आणि शाळेचे हाल होतात, हाही मुद्दा खरा. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. बिडी वळणाऱ्या तेलुगू भाषक पद्मशाली बाया, यंत्रमागावरचे कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, फेरीवाले यांनी 'आम्ही गरीब, आम्हाला घर कुठले' असे म्हटले नाही. त्यांनी संघटना केली, सभासद मोजले, यादी केली, जमिनीचा प्रश्न सोडवला आणि मग सरकारच्या दारात गेले. वसाहतीला पाठिंबा म्हणजे काय, ते कुंभारीत दिसते. ज्यांना राहायचे आहे त्यांचाच तो पाठिंबा होता.

स्वतंत्र वसाहत की कोपऱ्यातली वस्ती

इथे आपल्यातलेच काही अभ्यासू बांधव विचारतील की बाबासाहेबांनी तर स्वतंत्र वसाहती मागितल्या होत्या, मग सवर्णांच्या नगरात शिरायचा अट्टहास कशाला?

बाबासाहेबांनी काय मागितले ते नीट पाहू. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत स्वतंत्र गावांचा ठराव झाला. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी वसाहत आयोगाची योजना मांडली: पडीक सरकारी जमीन या आयोगाच्या ताब्यात असावी, तिच्यावर अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे वसवावीत, आणि केंद्र सरकारने त्यासाठी दरवर्षी 5 कोटी रुपये द्यावेत. म्हणजे त्या मागणीत जमीन होती, पैसा होता आणि घटनेचे बळ होते. गावाच्या मर्जीतून आणि मजुरीतून सुटका हा तिचा हेतू होता. दादासाहेब गायकवाडांनी डिसेंबर 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला आणि लाखो लोक तुरुंगात गेले, तोही याच मागणीचा धागा होता.

ओढ्याकाठची शेवटची ओळ ही बाबासाहेबांची स्वतंत्र वसाहत नव्हे. तिथे जमीन नाही, सत्ता नाही, फक्त वेगळेपण आहे. सरकारने वेगळे ठेवले म्हणजे मुक्ती होते असेही नाही. सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आजही आहे. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना तिथे तारेच्या कुंपणात ठेवले होते. तीही एक वसाहतच होती, 1952 साली तो गुन्हेगारीचा शिक्का कायद्याने पुसला जाईपर्यंत. म्हणून वेगळे राहायचे की मिसळून, हा निर्णय आपला असला पाहिजे. वेगळे राहायचे तर हक्काच्या जमिनीवर, मिसळून राहायचे तर पहिल्या ओळीतही. तिसरा मार्ग, म्हणजे दुसऱ्याने दाखवलेला कोपरा, आपण स्वीकारू नये.

दोन शब्द आपल्या माणसांना

कडू आहे, पण बोलले पाहिजे. नारळ फोडण्याच्या कार्यक्रमात व्यासपीठावर निळा गमछा घालून कोण बसते? जयंतीच्या वर्गणीसाठी प्लॉटिंगवाल्याच्या दारात कोण जाते? त्याने पाच-दहा हजार दिले की कमानीवर बाबासाहेबांच्या शेजारी त्याचा फोटो कोण लावते? त्याच फोटोच्या बळावर तो पुढे सांगतो की दलित समाजही आमच्या सोबत आहे. वस्तीचा पाठिंबा अशा रीतीने वस्तीला न विचारता, आपल्यातल्याच दोघा-चौघांकडून, फार स्वस्तात विकत घेतला जातो.

आणि नोकरदार बांधवांनो, तुम्ही प्लॉट घेतला, घर बांधले, 'जय भीम' लिहिलेली पाटी लावली, अभिमान वाटतो. पण तुमची आई अजून ज्या गल्लीत राहते, तिच्या घराचा उतारा कोणाच्या नावावर आहे, हे तुम्ही पाहिले आहे का? तुम्हाला अर्ज लिहिता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो, नकाशा वाचता येतो. वस्तीला तुमच्या वर्गणीपेक्षा त्या कौशल्याची गरज जास्त आहे.

आपल्या अटी

नव्या वसाहतीला आमचा पाठिंबा हवा असेल तर आमच्या अटी या आहेत.

पहिली, लहान भूखंडांच्या 20 टक्क्यांच्या तरतुदीवरची 10 लाख लोकसंख्येची मर्यादा काढून टाकावी आणि ती नगरपरिषदांनाही लागू करावी, असा ठराव नगरपरिषदेने करून शासनाकडे पाठवावा. ठराव करायला पैसे लागत नाहीत. कोण हात वर करते आणि कोण करत नाही, तेही आम्हाला पाहायचे आहे.

दुसरी, ते लहान भूखंड एका कोपऱ्यात न काढता सगळ्या ओळींत विखरून ठेवावेत आणि सोडतीने द्यावेत. चिठ्ठीला आडनाव दिसत नाही.

तिसरी, नव्या नगराला सार्वजनिक पैशातून रस्ता, वीज, पाणी देण्याआधी जुन्या वस्तीची मोजणी पूर्ण करावी आणि पात्र घरांची यादी नगरपरिषदेच्या फलकावर लावावी. आधी ज्यांचे घर आहे त्यांची जमीन, मग ज्यांची जमीन आहे त्यांचे घर.

चौथी, ज्यांच्या नावावर जागा नाही अशा अनुसूचित जातीच्या कुटुंबांना रमाई आवासमध्ये जागेसह घर मिळावे. त्यासाठी सरकारी जमीन असेल तर ती, नसेल तर विकत घेऊन.

पाचवी, 4000 चौरस मीटरच्या वरच्या ले-आउटमध्ये सोडायची 10 टक्के मोकळी जागा खरोखर मोकळी राहावी. त्यावर एखाद्या जातीचे सभागृह किंवा देऊळ उभे राहिले की ते नगर कोणाचे, हे न लिहिताच लिहिले जाते. तिथे सर्व मुलांना खेळता आले पाहिजे.

आणि आपले काम? येत्या महिन्यात प्रत्येक वस्तीने तीन कागद काढावेत: वस्तीखालच्या जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नव्या प्लॉटिंगच्या मंजूर ले-आउटची प्रत, आणि गावच्या विकास आराखड्याचा नकाशा. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ते कागद पसरून बसा. बाया समोर बसू द्या, कारण घर कितीचे आणि कसे हवे हे त्यांना जास्त कळते. कुटुंबांची यादी करा: कोण भाड्याने, कोण सरकारी जागेवर, कोण एका खोलीत तीन जोडपी. ती यादी सही-अंगठ्यासह मुख्याधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. धमकी आली, काम बंद केले, किराणा बंद केला, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदाही आहे. त्याची तक्रार एकट्याने नव्हे, दहा जणांनी मिळून करा.

पुढच्या वेळी कोणी फलकावर 'संपूर्ण गावाचा पाठिंबा' लिहील, तेव्हा नगरपरिषदेच्या टेबलावर आपली यादी असली पाहिजे. तिच्यातल्या कुटुंबांना घर कुठे, याचे उत्तर मिळेपर्यंत आपला पाठिंबा कोणी परस्पर जाहीर करू नये.

जयभीम! जय संविधान!